जिल्हा मिळाला, मते मात्र फिरली नाहीत

संत्री-कापसाचे पांढुर्णा आणि सौसर हे तालुके मराठी बोलतात, बाजारहाट नागपूरला करतात, पण मत मध्य प्रदेशात देतात. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, हे तालुके असलेला छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशातच राहिला.

ऑक्टोबर 2023 मध्ये निवडणूक तोंडावर असताना भाजप सरकारने हे दोन तालुके छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा केला. मागणी जुनी होती, मुहूर्त तेवढा निवडणुकीचा. तरी नोव्हेंबरच्या विधानसभा मतदानात राखीव पांढुर्ण्यातून नीलेश उईके आणि सौसरमधून विजय चौरे हे काँग्रेसचेच उमेदवार निवडून आले. जुन्या छिंदवाड्याच्या सातही जागा काँग्रेसकडे गेल्या, राज्यात मात्र भाजपला 163 जागा मिळाल्या.

सहाच महिन्यांत चित्र उलटले. जून 2024 च्या छिंदवाडा लोकसभा निकालात भाजपचे विवेक 'बंटी' साहू यांनी काँग्रेसचे नकुल नाथ यांना 1,13,618 मतांनी हरवले. 1997 च्या पोटनिवडणुकीत भाजपच्या सुंदरलाल पटवांनी काँग्रेसच्या कमलनाथांना हरवले होते, त्यानंतरचा काँग्रेसचा इथला हा पहिलाच लोकसभा पराभव. माझ्या मते, आमदार निवडताना इथला मतदार माणूस पाहतो आणि खासदार निवडताना दिल्लीची हवा.