अग्निबाण आणि त्याचा ओटा

२० एप्रिल २०२३ रोजी अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील बोका चिका येथून ‘स्टारशिप’ हा सुमारे १२० मीटर उंचीचा अग्निबाण प्रथमच पूर्ण जोडणीनिशी उडाला आणि चारएक मिनिटांनी नष्ट झाला. आम्हांस मात्र आज आकाशापेक्षा जमिनीकडे पाहावयाचे आहे.

बाणाच्या तळाशी ३३ इंजिने होती. त्यांचा झोत बाजूस वळविणारा चर नव्हता, की पाण्याचा मारा नव्हता. होता तो उष्णता सोसणाऱ्या काँक्रीटचा थर. फेब्रुवारीत निम्म्या जोराच्या चाचणीत तो टिकला, म्हणून एका उड्डाणापुरता टिकेल असा हिशेब झाला. पाण्याने थंड राहणारे पोलादी पत्रे तयार होत होते, पण त्यांच्यासाठी कोणी थांबले नाही. उड्डाणाच्या वेळी काँक्रीट फुटले, खड्डा पडला, तुकडे दूरवर उडाले आणि धूळ काही मैलांवरील पोर्ट इझाबेल गावावर पडली.

पुढे ते पत्रे बसले. १८ नोव्हेंबर २०२३ च्या उड्डाणात ओटा शाबूत राहिला.

निम्म्या भाराची परीक्षा पूर्ण भाराची ग्वाही देत नाही, हा यातील धडा. आणि प्रयोग आपला असला, तरी धूळ शेजाऱ्याच्या अंगणात पडते, हेही आपण विसरू नये.