पितळी काडतूस आणि त्याची शुद्धि

सणावारीं चिंच व राख लावून भांडीं उजळणाऱ्या गृहिणीस पितळेच्या स्वभावाची जी ओळख असते, ती पुष्कळदां बंदूकधारी शिपायासहि नसते. काडतुसाच्या पितळेंत शंभर भागांपैकीं सुमारें ७० भाग तांबें व ३० भाग जस्त असतें. तें पुरेसें मऊ असल्यामुळें दाबून व ओढून त्याची नळी करतां येते. बार उडतांच ही नळी क्षणभर फुगून बंदुकीच्या भिंतीस घट्ट बसते, वायूला मागें येऊं देत नाहीं, आणि लगेच किंचित् आकसून मोकळी होते. गोळी जाते, दारू जळते. नळी मात्र शिल्लक राहते. म्हणून नेमबाज ती जपून ठेवतात व स्वच्छ करून पुन्हा भरतात. परंतु वरून चकाकणारें पितळ आंतून निर्दोष असतेंच असें नाहीं.

हा धडा हिंदुस्थानांतच मिळाला. इंग्रजी अमदानींत फौजेचा दारूगोळा पावसाळ्यांत घोड्यांच्या तबेल्यांत ठेवीत. पाऊस सरल्यावर पाहावें, तों पुष्कळ काडतुसें तडकलेलीं. आणि गोळीभोंवतीं पितळ जेथें आवळलेलें, विशेषेंकरून तेथेंच भेगा! न वापरतां धातु फाटतो कसा? हें कोडें १९२१ सालीं मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या तिघां संशोधकांनीं उलगडलें. थंड स्थितींत ओढलेल्या पितळेंत ताण कोंडून राहतो. घोड्यांच्या मूत्रांतून निघणारा अमोनिया दमट हवेंत तांब्यावर क्रिया करून त्यास विरघळवितो. दोहोंची गांठ पडली कीं भेग धातूच्या कणांच्या सांध्यांतून आंत शिरत जाते. उपाय साधाच निघाला: काडतूस बेतानें तापवून कोंडलेला ताण घालविणें. ठोकून ताठर झालेलें भांडें तांबट पुन्हा विस्तवांत घालून घेतो, त्याच जातीची ही युक्ति.

वापरलेली नळी शुद्ध करतांना हेंच ज्ञान उपयोगी पडतें. प्रथम बुडांतील उडालेली टोपी काढतात. मध्यभागीं एकच छिद्र असलेल्या बॉक्सर पद्धतीच्या नळींतून ती सळईनें सहज निघते. बर्डन पद्धतीच्या नळींत बहुधा दोन बारीक छिद्रें बाजूला असल्यानें काम अवघड होतें. नंतर साबणाच्या कोमट पाण्यांत थोडें सायट्रिक आम्ल घालून नळ्या धुतात. लिंबाचा आंबटपणा तो हाच. मात्र आम्लांत फार वेळ ठेवल्यास जस्त निघून जाऊन पितळ गुलाबी पडतें व दुबळें होतें. स्वच्छ पाण्यानें खळबळून, पूर्ण वाळवून, अक्रोडाच्या टरफलांच्या किंवा मक्याच्या कणसाच्या भरडींत त्या घोळविल्या कीं झळाळी येते. पितळ उजळण्याच्या कांहीं तयार द्रवांत अमोनिया असतो; ते येथें वर्ज्य होत.

शुद्धीचा खरा हेतु झळाळी नव्हे, तर परीक्षा. धूळ गेल्यावरच तोंडाची बारीक भेग दिसते. बुडाच्या किंचित् वर चकचकीत वलय उमटलें असेल, तर तेथें भिंत पातळ झाल्याची शंका घ्यावी. वांकविलेल्या तारेचें टोंक आंतून फिरविलें असतां तेथें खांच लागते. अशी नळी तत्काळ टाकून द्यावी.

दरेक वेळीं मूळ मापांत दाबतांना पितळ कठीण होत जातें. तें मऊ करण्यासाठीं नळ्या पाण्याच्या उथळ ताटांत उभ्या करून फक्त तोंडें तापविण्याची जुनी रीत आहे. बूड पाण्यांत राहिल्यानें थंड राहतें. तें मऊ झालें तर बाराचा दाब न सोसून तापलेला वायु नेमबाजाच्या तोंडावरच उलटावयाचा.

भारतांत १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें परवान्यावांचून दारूगोळा तयार करणें गुन्हा आहे. तथापि पितळेचा हा गुणधर्म काडतुसापुरता नाहीं; घरांतील नळाच्या पितळी तोटीलाहि तो लागू आहे. धातु कशानें फाटतो हें जाणणारा मनुष्य त्याच्या चकाकीवर विसंबत नाहीं.