पाचशे दहा गुणांचा हिशेब

खेळामागचं गणित : भाग ७

रविवारी रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, माझा गारचॉम्प हरला." एवढंच बोलला आणि गप्प झाला. 'पोकेमॉन स्कार्लेट'मध्ये गिबल नावाचं इवलंसं पिल्लू पकडून, त्याचा गारचॉम्प होईपर्यंत त्याने महिनाभर जपलं होतं. वर्गमित्राच्या सॅलमेन्सपुढे तो पहिल्याच वाराला आडवा झाला. दोघेही ड्रॅगन. ड्रॅगनचा वार ड्रॅगनला दुप्पट लागतो, म्हणून अशा लढतीत पहिला वार कोणाचा यावरच बहुतेक निकाल ठरतो. भाच्याला कळत नव्हतं ते हे : गारचॉम्पचा मूळ स्पीड १०२, सॅलमेन्सचा १००. मग सॅलमेन्स आधी कसा?

मूळ आकडे, जन्मजात गुण म्हणजे आयव्ही, आणि नेचर हे आपण मागच्या दोन भागांत पाहिलं. ते तिन्ही त्या जीवाला जन्मतः मिळतात. आजचा विषय मिळवलेल्या गुणांचा आहे. खेळाडू त्याला 'ईव्ही' म्हणतात. जपानी खेळाडूंचा शब्द 'दोर्योकुची' आहे आणि मला तोच जास्त आवडतो, कारण दोर्योकु म्हणजे कष्ट, प्रयत्न. केलेल्या कष्टांचं मोल.

नियम सोपा आहे. तुमचा पोकेमॉन ज्याला हरवतो, त्याच्याकडून अनुभवाबरोबर एक ते तीन ईव्ही घेतो, आणि हरलेला जसा असेल तसे ते मिळतात. चपळ झुबॅटला हरवलं तर स्पीडमध्ये एक. दगडी जिओड्यूडला हरवलं तर डिफेन्समध्ये एक. गॅस्टलीकडून स्पेशल अटॅक, टेंटाकूलकडून स्पेशल डिफेन्स. चॅन्सी मुळातच धष्टपुष्ट, ती एचपीत दोन देते. तेव्हा एकाच जातीचे, एकाच लेव्हलचे, एकाच नेचरचे दोन पोकेमॉन शेजारी उभे केले तरी ते सारखे असतीलच असं नाही. कोण कुठल्या गवतात वाढला, कोणाशी झुंजला, हे त्याच्या अंगात उतरलेलं असतं. हे मला प्रथम कळलं तेव्हा या खेळाबद्दलचा माझा आदर एकदम वाढला.

पण सुरुवातीला गणित वेगळं होतं. १९९६ साली गेमबॉयवर आलेल्या पहिल्या 'रेड' आणि 'ग्रीन'मध्ये हरलेल्या पोकेमॉनचे सगळे मूळ आकडे जिंकणाऱ्याच्या खात्यात जमा होत. एका मॅजिकार्पला हरवलं की एचपीत २०, अटॅकमध्ये १०, डिफेन्समध्ये ५५, स्पीडमध्ये ८० आणि तेव्हाच्या एकत्रित 'स्पेशल'मध्ये २०. प्रत्येक खातं ६५,५३५ पर्यंत भरत जाई आणि एकूण बेरजेवर काहीच मर्यादा नव्हती. वेळ असेल तर पाचही खाती काठोकाठ भरता येत. म्हणजे पुरेसे दिवस घासले की मिळवलेल्या गुणांत तुमचा पिकाचू आणि माझा पिकाचू शेवटी एकाच जागी येऊन थांबणार. कष्ट होते, पण त्यात निवड नव्हती.

नोव्हेंबर २००२ मध्ये जपानात 'रुबी' आणि 'सफायर' आले तेव्हा गेम फ्रीकने हे सगळं मोडून नव्याने मांडलं. सहा स्टॅट, आणि त्या सहांत मिळून एकूण ५१० ईव्ही. त्याहून एकही जास्त नाही. माझ्या मते या मालिकेच्या इतिहासातला हा सर्वात मोलाचा निर्णय आहे, नव्या पोकेमॉनांपेक्षाही. कारण तिथून पुढे सगळ्यांत अव्वल असा पोकेमॉन घडवणं अशक्य झालं. पाचशे दहामध्ये दोन स्टॅट पूर्ण भरतात आणि तिसऱ्याला चिमूटभर उरतं. वेगवान आणि जोरदार हवा असेल, तर तो नाजूक राहणार. चिवट हवा असेल, तर तो मागून वार करणार.

'पूर्ण' म्हणजे किती? लेव्हल १०० ला चार ईव्ही मिळून स्टॅटचा एक गुण होतो. २५२ ला चारने भागलं की ६३ येतात, बाकी काही उरत नाही. आधी एका स्टॅटची मर्यादा २५५ होती, म्हणजे वरचे तीन वायाच जात, आणि जाणती मुलं २५२ वर हात आखडून थांबत. २०१३ च्या 'एक्स' आणि 'वाय'पासून मर्यादाच २५२ झाली. दोन स्टॅट भरले की ५०४. उरलेल्या सहांतले चार तिसऱ्या स्टॅटला, आणि शेवटचे दोन कुठेच लागत नाहीत. त्याच खेळांत ईव्ही पहिल्यांदा आलेखात दिसू लागले. त्याआधी अकरा वर्षं मुलं वहीत काड्या मारून मोजत होती, आणि एक काडी चुकली की सगळा हिशेब चुके.

भाच्याला मी त्याच्या गारचॉम्पचा आलेख उघडायला सांगितला. सहाही कोपरे थोडे थोडे फुगलेले. साहजिक होतं. गोष्टीच्या ओघात जो समोर आला त्याच्याशी तो लढला आणि प्रत्येकाकडून मिळेल ते घेत गेला. मुलांच्या सामन्यात सगळे पोकेमॉन लेव्हल ५० वर आणले जातात. तिथे त्याचा स्पीड कमीच दिसत होता. मित्राच्या सॅलमेन्सने स्पीडमध्ये पूर्ण २५२ भरलेले, नेचर वेग न वाढवणारा. लेव्हल ५० चा हिशेब असा : मूळ आकड्याची दुप्पट, अधिक आयव्ही, अधिक ईव्हीचा चौथा भाग, या सगळ्याचं अर्धं, अधिक पाच. सॅलमेन्सचे २००, ३१ आणि ६३ मिळून २९४. अर्धे १४७, अधिक पाच, १५२. मूळ आकड्यात दोनने पुढे असलेला गारचॉम्प मागे पडला होता.

"मग मीपण २५२ भरतो," तो म्हणाला. भरले असते तर त्याच हिशेबाने, नेचर न धरताही, १५४ झाले असते. दोनने पुढे, काम झालं. पण त्याच्या गारचॉम्पचं नेचर जॉली आहे. ते स्पीड दहा टक्क्यांनी वाढवतं आणि स्पेशल अटॅक तेवढाच घटवतं, ज्याचा गारचॉम्पला तसाही फारसा उपयोग नाही. तेव्हा मी त्याला उलटं गणित करायला लावलं : १५३ किंवा वर जायला कमीत कमी किती लागतील? बराच वेळ फोनवर नुसता पेन्सिलीचा आवाज येत होता. मग उत्तर आलं : १४०. मी पडताळून पाहिलं. २०४, ३१ आणि ३५ मिळून २७०, अर्धे १३५, अधिक पाच १४०, त्यावर दहा टक्के म्हणजे १५४. बरोबर! अटॅकला २५२ दिले तरी ११८ उरतात. ते एचपीत टाकले की १८३ चे १९८ होतात. स्पीड पूर्ण भरला असता तर हे पंधरा गुण हातचे गेले असते.

धोका आहेच. समोरचा सॅलमेन्सही जॉली निघाला तर तो १६७ वर जातो आणि १४० ईव्ही पुरत नाहीत. तिथे पूर्ण भरलेला जॉली गारचॉम्पच १६९ वर जाऊन पुढे राहील. कोणाला मागे टाकायचं आणि कोणापुढे मान तुकवायची, हे आधी ठरवावं लागतं. भाच्याने १४० ठरवले.

आता प्रत्यक्ष काम. आधी जुने ईव्ही उतरवायचे. त्यासाठी सहा स्टॅटची सहा फळं आहेत. टमाटो बेरी खाऊ घातली की स्पीडचे दहा कमी होतात. मग नवे भरायचे. कार्बोसची एक बाटली स्पीडमध्ये दहा घालते. पूर्वी बाटल्यांनी एका स्टॅटमध्ये शंभरापलीकडे जाता येत नसे. २०१९ च्या 'सोर्ड' आणि 'शील्ड'मध्ये ते बंधन गेलं, त्यामुळे चौदा बाटल्यांत काम झालं असतं. पण पैसे बरेच लागतात, आणि भाच्याकडचे सगळे अटॅक आणि एचपीच्या बाटल्यांत संपले होते.

म्हणून मॅजिकार्प. पाण्यात नुसता तडफडणारा, कोणी संघात घेत नाही असा हा मासा हरताना स्पीडमध्ये एक ईव्ही देतो. पोकेमॉनच्या अंगावर पॉवर अँकलेट चढवलेलं असेल तर त्यात आठ मिळवले जातात, म्हणजे एका माशामागे नऊ. पंधरा मासे, १३५. मग अँकलेट काढून आणखी पाच. एकूण वीस मॅजिकार्प. त्याने आलेखावर विसंबून न राहता वहीच्या शेवटच्या पानावर काड्या मारल्या आणि मला त्या पानाचा फोटो पाठवला. पाच-पाचच्या चार जुड्या, खाली '१५४', आणि त्याभोवती दोनदा गिरवलेला गोल.

बुधवारी पुन्हा सामना झाला. सॅलमेन्सने पुन्हा पहिला वार केला. या वेळी मित्राने त्याच्या गळ्यात चॉइस स्कार्फ बांधला होता. तो स्पीडला दीडपट करतो : १५२ चे २२८. पण वार झेलून गारचॉम्प उभा राहिला. एचपी उरले होते नऊ. मग त्याने आपला वार केला आणि सॅलमेन्स पडला.

पुढच्या आठवड्यात : अंगावर बाळगायच्या वस्तू, आणि स्कार्फ बांधणारा त्या बदल्यात काय गमावतो.