घरातली नागवेल

कुंभकोणमनजीक कावेरीच्या काठी स्वामीमलै हे क्षेत्र आहे. कार्तिकेयाच्या दर्शनासाठी 60 पायऱ्या चढून जाणारा यात्रिक तेथून ओतीव मूर्तींची कीर्ती घेऊन परततो. मूर्तिकार मेणाच्या प्रतिमेवर कावेरीचा जो तलम गाळ लिंपतात, तशाच गाळाच्या जमिनीत या पंचक्रोशीतील नागवेल वाढते. कुंभकोणमच्या विड्याच्या पानाला 2025 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या तंजावर मुलखात भोसल्यांचे राज्य 1855 पर्यंत नांदले, तेथील ही वेल मराठी घराला परकी नाही. विड्यावाचून आपले कोणते मंगलकार्य पार पडते?

नागवेल ही मिऱ्याच्या कुळातील. उष्ण, दमट रानात मोठ्या वृक्षांच्या सावलीत चढणे हा तिचा धर्म. म्हणूनच ती घरात राहू शकते. तरीही हौसेने आणलेली वेल पुष्कळदा काही महिन्यांतच पिवळी पडते, आणि त्याचे कारण बहुधा हेळसांड नसून अस्थानी केलेली माया हेच असते. पानमळा नीट पाहिला, तर चूक कोठे होते ते कळते.

मळ्यात हादग्याची झाडे लावून त्यांच्यावर वेल चढवितात. हादग्याची पाने बारीक. त्यांतून ऊन गाळून येते. सावली म्हणजे काळोख नव्हे. घरात पूर्वेची खिडकी उत्तम. दुपारचे ऊन मात्र पानांवर पडू देऊ नये. उत्तरेकडील शहरांत कडाक्याच्या थंडीत कुंडी खिडकीपासून दूर, उबेत ठेवावी.

मळ्यातले वाफे उंच असतात आणि मधून चर काढलेले असतात. जमीन सदा ओली, पण पाणी साचत नाही. साचले तर बुरशी लागून वेल मुळाशी कुजते. कुंडीत नुसती गाळमाती दाबून बसते, म्हणून तीत वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. वरची माती बोटाला कोरडी लागली की मगच पाणी द्यावे आणि खालच्या थाळीत उतरलेले पाणी ओतून टाकावे.

पुष्कळांना वेल टांगत्या कुंडीतून खाली सोडावीशी वाटते. ती दिसते शोभिवंत. पण लोंबत्या फांदीच्या पेरांवरील मुळांना धरावयास काही मिळत नाही, आणि पाने लहान राहतात. विड्याजोगे पान हवे असेल, तर काथ्या गुंडाळलेली काठी रोवून वेल तिला हलकेच बांधावी व काथ्या ओलसर ठेवावा. शेंडा वर पोचला की मळेकऱ्याप्रमाणे वेल खाली उतरवून तिचा पाने नसलेला भाग मातीत पुरावा. तेथून नवी मुळे फुटतात. पाने खालून, देठासह खुडावीत. ती खाण्यासाठी असल्याने त्यांवर विषारी औषध फवारू नये. कीड दिसल्यास ओल्या फडक्याने पुसून काढावी.

तमिळ भाषेत या पानाला ‘वेट्रिलै’, म्हणजे नुसते पान, म्हणतात. मळ्यात तिला फूल क्वचितच दिसते. तिची लागवड होते ती कांड्यांपासून. म्हणून वेल जोमात असतानाच, पावसाळ्याच्या आरंभी, तीन ते पाच पेरांचे एक कांडे कापून, दोन पेरे मातीत जातील अशा बेताने दुसऱ्या कुंडीत लावावे. मग एखादी वेल गेली, तरी घरातली नागवेल जात नाही.