शून्याने भागिले असता
(यंत्राचे अंकगणित : लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात आपण पाहिले की, संगणकातील अपूर्णांकास चौसष्ट द्विमान अंकांच्या ठरीव जागेत बसावे लागत असल्यामुळे एक दशांश आणि दोन दशांश यांची बेरीज त्याच्या लेखी नेमकी तीन दशांश होत नाही, आणि हा दोष यंत्राचा नसून जागेच्या तुटवड्याचा आहे. आज त्याच चौसष्ट अंकांच्या जागेत, संख्यांच्या पंक्तीला बसविलेली परंतु रूढ अर्थाने संख्या म्हणता येणार नाहीत अशी जी काही मूल्ये असतात, त्यांचा परामर्श घ्यावयाचा आहे.

समजा, आमच्या निलंगा तालुक्यातील गावांचा करडईचा तक्ता एखादा तरुण संगणकावर तयार करीत आहे. एका रकान्यात क्षेत्र, दुसऱ्यात उत्पादन, आणि तिसऱ्यात दुसऱ्यास पहिल्याने भागून येणारे हेक्टरी उत्पादन. मांजराकाठच्या एका गावी यंदा करडई पेरलीच गेली नाही. क्षेत्र शून्य, उत्पादनही शून्य. दुसऱ्या गावी पीक आले, तीनशे क्विंटलांची नोंदही झाली, पण क्षेत्राचा आकडा भरावयाचा राहून गेला आणि त्या चौकटीत शून्य पडले. पहिल्या ठिकाणी शून्यास शून्याने भागावयाचे आहे, दुसऱ्या ठिकाणी तीनशेस. हे दोन प्रश्न सकृद्दर्शनी सारखे वाटले, तरी त्यांची जात अगदी भिन्न आहे, आणि त्या भिन्नतेची दखल घेणे हेच या विषयाचे मर्म होय.

हा प्रश्न यंत्राबरोबर जन्मास आला असे मात्र नव्हे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्यास शून्याने भागिले असता शून्यच येते असे सांगितले. त्यानंतर सुमारे सव्वादोनशे वर्षांनी महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त शून्याने भागिलेली राशी जशीच्या तशी राहते असा निर्णय दिला. हे महावीराचार्य राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या कारकीर्दीतले. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड, येथून फार दूर नाही, आणि राष्ट्रकूट स्वतःस ज्या लट्टलूर नगरीचे स्वामी म्हणवून घेत ती नगरी म्हणजे आपले लातूर होय. तेव्हा शून्याच्या भागाकाराचा वाद आमच्या मुलखास परका नाही, असे थोड्याशा अभिमानाने म्हणावयास हरकत नसावी. महावीराचार्यांचा निर्णय चुकीचा होता हेही मग त्याच अभिमानाने पत्करले पाहिजे.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात या प्रश्नास निराळे वळण दिले. (त्यांचे जन्मस्थान बीदर असल्याचे ‘लीलावती’चा फारसी तर्जुमा करणाऱ्या फैजीने १५८७ मध्ये लिहून ठेवले आहे, आणि तसे असते तर ते आमचे शेजारीच ठरले असते, परंतु सह्याद्रीच्या आश्रयास असलेल्या नगरात आपला वंश नांदत होता असे आचार्य स्वतःच सांगतात, व पाटण येथील त्यांच्या नातवाच्या काळचा शिलालेखही खानदेशाकडेच बोट दाखवितो.) ज्या राशीचा हर शून्य आहे तिला त्यांनी ‘खहर’ म्हटले, आणि प्रलयकाळी असंख्य जीव अच्युतात विलीन झाले किंवा सृष्टिकाळी त्याच्यातून बाहेर पडले तरी तो जसा अविकारी राहतो, तशीच ही राशीही काही मिळविल्याने वा वजा केल्याने बदलत नाही, असा दृष्टांत दिला. आजच्या यंत्रातील अनंतास तीनशे मिळवून पाहावे, अनंतच उरते.

पण ‘लीलावती’त त्यांनी दिलेले एक उदाहरण याहूनही उद्बोधक आहे. एका राशीस शून्याने गुणिले, त्यात त्या गुणाकाराचे अर्ध मिळविले, आलेल्यास तीनाने गुणिले, शून्याने भागिले, आणि त्रेसष्ट आले. तर ती राशी कोणती? आचार्यांचे उत्तर चौदा. पुढे शून्याचाच भागाकार करावयाचा असल्यास मधल्या पायरीवर गुणक शून्य राशीत जिरवून टाकू नये, तो नुसता लिहून ठेवावा, आणि भाजक शून्य आला की दोन्ही शून्ये परस्परांस काढून टाकावीत, असा त्यांचा विधी. चौदा आणि त्याचे अर्ध सात मिळून एकवीस, त्याची तिप्पट त्रेसष्ट. आता हेच उदाहरण संगणकास घाला. चौदास शून्याने गुणताच त्याच्याजवळ निखळ शून्य उरते, चौदाची स्मृती नष्ट होते, अर्ध मिळवून आणि तिप्पट करूनही शून्यच हाती राहते, आणि अखेर शून्यास शून्याने भागण्याचा प्रसंग येतो. त्या वेळी संगणक जे उत्तर देतो त्याचे नाव ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्या नव्हे’ असा शेरा.

या शेऱ्यास कायदेशीर दर्जा १९८५ साली मिळाला. त्यापूर्वी प्रत्येक कंपनीचे यंत्र शून्याच्या भागाकारास आपापल्या मर्जीप्रमाणे वागवीत असे. टोरांटोत जन्मलेले आणि बर्कले येथे अध्यापन करणारे गणिती विल्यम काहान यांनी इंटेल कंपनीच्या ८०८७ या गणनचिपेच्या निमित्ताने जी व्यवस्था आखली, तीच थोड्याफार फेरफारांनी आय-ट्रिपल-ई ७५४ या मानकाच्या रूपाने सर्वमान्य झाली, आणि १९८९ चे ट्युरिंग पारितोषिक काहान यांना मिळाले. चौसष्टांपैकी एक अंक चिन्हाचा, अकरा घातांकाचे, बावन्न अपूर्णांकाचे. घातांकाचे अकराही अंक एक असतील तर ती जागा राखीव समजावयाची. अशा वेळी अपूर्णांकाचे सारे अंक शून्य असल्यास ते अनंत, धन किंवा ऋण. त्यांत एकही अंक शून्येतर असल्यास ते नॅन. या हिशेबाने नॅनचे निरनिराळे आकार दोनाच्या त्रेपन्नाव्या घाताहून फक्त दोनाने कमी, म्हणजे ‘लीलावती’तील संख्यास्थानांप्रमाणे मोजावयाचे तर नऊ ‘अंत्यां’हून अधिक भरतात, जे नाही ते सांगावयास इतके प्रकार कशास, असे कोणास वाटल्यास ते गैर नाही. शून्यही येथे दोन आहेत, धन आणि ऋण. तुलनेत ती समान ठरतात, पण एकास त्यांनी भागिले की एकाकडून धन अनंत आणि दुसऱ्याकडून ऋण अनंत मिळते.

तेव्हा मानकाच्या दृष्टीने आमच्या तक्त्यातील तीनशे भागिले शून्य हे अनंत, आणि शून्य भागिले शून्य हे नॅन. अनंतातून अनंत वजा केल्यास, किंवा शून्याने अनंतास गुणिल्यासही नॅनच. गणित मध्येच बंद न पाडता पुढे चालू द्यावे, आणि कोठे काय बिघडले याची खूण मागे ठेवावी, हे काहान यांचे धोरण होते. १९९७ साली अमेरिकेच्या यॉर्कटाउन या युद्धनौकेवर एका चौकटीत शून्य भरले गेले, त्याने भागण्याचा प्रसंग येऊन संगणकांची व्यवस्था कोलमडली आणि जहाज तासन्‌तास समुद्रात निश्चल उभे राहिले. हे ऐकले म्हणजे त्या धोरणातील शहाणपण ध्यानी येते.

परंतु मानक एक आणि आज्ञावलीच्या भाषांचा कारभार दुसरा. जावा भाषेत पूर्णांकास शून्याने भागिले तर ती तक्रार करून थांबते, अपूर्णांकास भागिले तर मुकाट्याने अनंत देते. पायथन दोन्ही ठिकाणी थांबते. पण तीच पायथन अपूर्णांकाच्या रूपात ठेवलेल्या, एकावर तीनशे आठ शून्ये असलेल्या संख्येस दहाने गुणू दिल्यावर बिनतक्रार अनंत देते, आणि त्या अनंतातून अनंत वजा करू दिल्यावर बिनतक्रार नॅन. जावास्क्रिप्टला तर कशाचीच खंत नाही. तिथे नॅन ओळखण्याची दोन साधने आहेत. जुन्यास ‘निलंगा’ हा शब्द दाखविला तर तोही नॅन आहे असे ते सांगते, कारण ते आधी शब्दाची संख्या करू पाहते. नव्यास मात्र शब्द आणि नॅन यांतील भेद कळतो.

ओळखण्यास निराळे साधन लागावे याचे कारण नॅनचा एक विलक्षण गुण: तो स्वतःशीही समान नसतो. इतकेच नव्हे, तर तो पाचापेक्षा लहान आहे काय, मोठा आहे काय, असे कोणतेही पुसले तरी उत्तर ‘नाही’ असेच येते. याचे परिणाम किती दूरवर जातात ते आमच्या तक्त्यावरच पाहू. हेक्टरी उत्पादन सात क्विंटलांहून कमी असेल तर गाव टंचाईच्या यादीत घ्यावे, अशी अट आज्ञावलीत लिहिली, तर मांजराकाठचे ते गाव यादीत येत नाही. उत्पादन सात किंवा त्याहून अधिक नसेल तर गाव यादीत घ्यावे, असे लिहिले, तर तेच गाव यादीत येते. तहसीलदारांच्या दृष्टीने दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच. यंत्राच्या लेखी मात्र एका गावाची वासलात लिहिणाऱ्याच्या वाक्यरचनेवर लागून जाते, आणि याची वर्दी कोणालाही मिळत नाही.

सरासरीचेही तसेच. तीन गावांचे उत्पादन सात, आठ आणि नऊ, व चौथे नॅन. चौघांची सरासरी नॅन. (वास्तविक तालुक्याचे एकूण उत्पादन एकूण क्षेत्राने भागावे हाच शास्त्रशुद्ध मार्ग, पण सरासऱ्यांची सरासरी काढण्याचा मोह आवरलेला क्वचितच दिसतो.) मग तक्ता रखडू नये म्हणून कोणीतरी नॅनच्या जागी शून्य भरतो, सरासरी आठाऐवजी सहा येते, आणि सातांच्या अटीप्रमाणे सारा तालुकाच तुटीचा ठरतो. हे कृत्य भाषाही कधी परस्पर उरकून टाकतात: जावामध्ये नॅनचे पूर्णांकात रूपांतर केले असता शून्य मिळते, आणि अनंताचे केले असता २१४७४८३६४७. तीनशे क्विंटलांच्या गावाने हेक्टरी दोनशे चौदा कोटींहून अधिक क्विंटल करडई पिकविली, असा तक्ता मग छापून येण्यास प्रत्यवाय राहत नाही.

माझ्या मते येथे ब्रह्मगुप्ताचेच अनुकरण अजाणता चालले आहे. ज्याचे उत्तर नाही त्यास शून्य म्हणून मोकळे व्हावयाचे. वास्तविक आमच्या जुन्या दप्तरातला कारकून याबाबतीत अधिक दक्ष होता. काही घडलेच नाही तेथे तो ‘निरंक’ लिही, आणि कागद आलाच नाही तेथे ‘अप्राप्त’. एकाच्या जागी दुसरे लिहिल्यास कैफियत द्यावी लागे. सांख्यिकीसाठी घडविलेल्या आर भाषेने हा भेद राखला आहे: न मिळालेली माहिती निराळी आणि नॅन निराळा, जरी यंत्राच्या आत ती माहितीही एका विशिष्ट आकाराच्या नॅनमध्येच साठविलेली असते.

ज्या वाचकांच्या हाती असे तक्ते असतील त्यांस एवढीच विनंती की, भागाकारापूर्वी हर शून्य आहे काय हे स्वतः पाहावे, नॅनची तपासणी त्याच्यासाठी असलेल्या साधनानेच करावी, आणि उत्तर नसलेली चौकट शेरा लिहून रिकामी ठेवावी, शून्याने भरू नये. पुढील लेखांकात रुपये-पैशांचा हिशेब अपूर्णांकांत न ठेवता पैशांच्या पूर्णांकांत का ठेवावा, याचा विचार करू.