इन्सुलिन सुरू केले, तरी साखर चढलेलीच

गोळ्यांनी भागेनासे झाले की डॉक्टर इन्सुलिन लिहून देतात. घरात आधी भीती, मग नाइलाज आणि शेवटी मोठी आशा : आता तरी साखर उतरेल. दोन-तीन आठवडे सुई टोचूनही उपाशीपोटीचा आकडा २०० च्या वरच दिसला, की रुग्ण हिरमुसतो. काही जण तर इंजेक्शनच सोडून देतात.

पण सुरुवातीचा डोस हा कायमचा डोस नसतो. साखर एकदम खाली जाऊ नये म्हणून तो मुद्दाम कमी ठेवतात आणि आकडे पाहत हळूहळू वाढवतात. पहिल्या चिठ्ठीवरच्या १० युनिटवर महिनोन्‌महिने थांबलेल्यांची साखर उतरणार कशी? जगातल्या पहिल्या रुग्णालाही पहिले इंजेक्शन धड लागू पडले नव्हते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला दिलेला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. १२ दिवसांनी सुधारलेला अर्क दिला, तेव्हा कुठे साखर नीट उतरली.

आपल्याकडची खरी गोम मात्र सिरिंजमध्ये असते. बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते. त्याची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. दुकानात लाल नव्हती म्हणून नारिंगी आणली आणि ४० च्या बाटलीतून २० च्या रेघेपर्यंत औषध भरले, तर अंगात जातात फक्त ८ युनिट. उलटी गफलत याहून घातक : १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने २० पर्यंत ओढले, तर ५० युनिट जातात! बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून पाहायला अर्धे मिनिट पुरते. ते दुकानदारावर सोडू नये.

दुसरे कारण हाताला लागते. दुखत नाही म्हणून रोज पोटावर त्याच जागी टोचले, की कातडीखाली चरबीच्या मऊ गाठी होतात. तिथले इन्सुलिन कधी कमी, कधी उशिरा शोषले जाते, त्यामुळे साखर वर-खाली होते. जागा रोज दोन बोटे तरी सरकवावी. गाठ सोडून चांगल्या कातडीत टोचायला लागल्यावर तोच डोस जास्त पडू शकतो, म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे.

दुधाळ दिसणारे मिश्र इन्सुलिन तळहातांत हलकेच घोळवून एकसारखे करून घ्यावे लागते. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे. फ्रीज नसेल, तर पाणी शिरणार नाही अशा डब्यात घालून मातीच्या मडक्यात ठेवता येते. उन्हात उभ्या गाडीत विसरलेल्या बाटलीवर भरवसा नको.

आणि जेवण. साधे इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचे असते. ते घेऊन जेवण लांबले किंवा एकादशी आहे म्हणून ताटच टाळले, तर घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. मग भीतीपोटी माणूस दुसऱ्या दिवशीचा डोस स्वतःच कमी करतो आणि साखर पुन्हा चढते. उपवासाचा डोस डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावा. साखर ७० च्या खाली गेली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा.