निहाली : गणनेबाहेर राहिलेली भाषा

बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाल समाजाची निहाली ही भाषा बोलली जाते, जिचे नाते कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी सिद्ध झालेले नसल्याने अभ्यासक तिला ‘एकाकी भाषा’ म्हणतात. तिच्यात शेजारच्या कोरकू भाषेचे शब्द विपुल आहेत आणि दोन ते चार हे आकडे द्राविडी वळणाचे आहेत, तरीही उरलेला मूळ शब्दसाठा कोठेच जुळत नाही, हे भाषाशास्त्रज्ञ कायपर यांच्या 1962 च्या अभ्यासापासून ठळकपणे पुढे आले.

तिचे भाषक जेमतेम दोन-अडीच हजार मानले जातात. जनगणनेत दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांचे आकडे स्वतंत्रपणे प्रसिद्ध होत नाहीत, आणि महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीतही निहालांची नोंद कोरकूंच्याच क्रमांकाखाली आहे. भाषेची उपेक्षा आणि समाजाची उपेक्षा अशा सरकारी कागदांवर एकत्र भेटतात. संविधानाचा अनुच्छेद 350-क मात्र भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास सांगतो. निहालीचे पुनरुज्जीवन करायचे, तर शब्दकोशाइतकीच निकड गावातल्या पहिलीच्या वर्गात निहाली बोलणाऱ्या शिक्षकाची आहे.